झेंडूवरचा आळ

आमच्या कॉम्प्युटरच्या पोटात मिरचीचा खकाणा भरायचा. कुणाला हे वाढवून सांगितलेलं वाटेल, पण लालबागच्या मसाल्याच्या गल्लीच्या डोक्यावर ज्यांनी दिवस काढलेत ते मान हलवतील. खाली सकाळी नऊला कांडप यंत्रं सुरू व्हायची, धडाड्-धड, धडाड्-धड, आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीतली भांडी फळीवर हळूहळू पुढे सरकायची. संध्याकाळी आई ती परत मागे ढकलायची. खिडकीच्या गजांवर, मुख्य म्हणजे मी नुकत्याच धुतलेल्या पांढऱ्या शर्टवर, तांबूस थर असायचाच. पाहुणे जिन्यातच शिंकायला लागत आणि किती शिंका ऐकू आल्या त्यावरून आई आत चहाचं आधण वाढवायची. अशा घरात कॉम्प्युटर आला. त्याच्या मागच्या पंख्याने हवा खेचायची म्हणजे मिरची, धने आणि दगडफूल खेचायचं, हे त्याच्या कारखान्यात कुणाला ठाऊक असणार?

तो कॉम्प्युटर माझ्यासाठी आला होता. बाबा गिरणीत सूत कातायच्या रिंग खात्यात फिटर होते. गिरणी बंद झाली, हातात जे काय पडलं त्यातून त्यांनी पहिली ही वस्तू घेतली, कारण मी नुकताच डिप्लोमाला लागलो होतो आणि चाळीत सगळे म्हणत होते की आता हेच दिवस येणार. कपाट आणि मोरी यांच्या मधल्या जागेत टेबल बसवलं. आईने क्रोशाचं झाकण विणलं. नाव माझं, पण आठवड्याभरात त्याचा ताबा बाबांनी घेतला. चालवायचा नव्हे, ते त्यांना जमत नव्हतं आणि जमवायचंही नव्हतं. त्यांना तो उघडायचा असायचा. एक रविवार सोडून एक ते डब्याचे स्क्रू काढायचे, दाढीचा जुना ब्रश आणि सायकलचा पंप घेऊन बसायचे आणि आतला खकाणा काढायचे. नाकाला रुमाल, डोळ्यांत पाणी, तरी चेहऱ्यावर इतका आनंद, की मला बघवायचं नाही. मित्र घरी आले की हमखास हा सोहळा चाललेला. "ह्या काय करता रे?" ते एखाद्या पट्टीवर बोट ठेवून विचारायचे. मी तोंड वाकडं करून काहीतरी इंग्रजी नाव फेकायचो. एकदा ते एसएमपीएसपाशी थांबले. भिंतीतली वीज घेऊन कॉम्प्युटरच्या बाकीच्या अवयवांना झेपेल अशी करून देणारा तो लोखंडी डबा. त्यातून निघालेल्या तारा बघून त्यांचं त्यांनाच उमगलं. "म्हणजे सगळ्यांक हयसून जेवण जाता," ते म्हणाले. "ही तुझी आवस." आई चुलीपुढून म्हणाली, "मग तिला तरी जरा वेळेवर थंड करा." मी वैतागून गॅलरीत गेलो. आज वाटतं, एसएमपीएस म्हणजे काय ते मला पुढच्या चार वर्षांत कुणी इतकं सरळ सांगितलं नाही.

या डब्याच्या मागे, पंख्याच्या शेजारी, एक तांबडा खटका असे. खोबणीत आत बसवलेला, नखाएवढा. त्यावर एका बाजूला दोनशेतीस आणि दुसऱ्या बाजूला एकशेपंधरा असे आकडे. आपल्याकडे दोनशेतीस, काही परदेशांत एकशेपंधरा, एवढं मला माहीत होतं. अर्धवट माहीत होतं असं म्हणायला हवं, कारण सगळं जे झालं ते त्या अर्धवटपणामुळे झालं. आणि झाल्यानंतर मी जे केलं त्याला तर तेवढंही निमित्त नाही. ते मी पंचवीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. इथे लिहितोय.

दसऱ्याला बाबा हत्यारांची पूजा करत. गिरणीत असताना खात्यातली सगळी यंत्रं थांबवून, पुसून, हार घालून पूजा व्हायची. गिरणी गेली तरी बाबांची पेटी होती. आदल्या दिवशी ते पाने, पक्कड, हातोडी, बेअरिंग ओढायचा तिपायी पुलर असं सगळं रॉकेलने धुऊन काढत, सकाळी आंघोळ करून पाटावर मांडत, एकेका हत्याराला ओल्या कुंकवाचं बोट लावत. सर्वांत शेवटी त्यांचा लांब पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर, जो ते रिंग खात्यात पहिल्या दिवसापासून वापरत होते आणि ज्याला ते पेचकस म्हणत. त्या वर्षी पाटाशेजारी कॉम्प्युटरही पूजेला बसला. पिन काढलेली, झाकण घडी करून ठेवलेलं, डब्यावर हळदकुंकू, वर झेंडूची माळ, आपट्याची पानं.

"पाणी नका हं शिंपडू," मी म्हणालो. "आणि फुलं पंख्यावर नकोत."

"फुलान काय होता?"

"होतं. तुमची रिंग फ्रेम नाही ही."

ते हसले. त्यांनी माळ दोन बोटं पुढे सरकवली आणि म्हणाले, "आज तेका हात लावू नको रे. वर्षभर राबता, एक दिवस निजांदे."

हाच तो नियम. पूजेला लावलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही. मला तो नियम असह्य झाला होता, कारण मित्राकडून आणलेल्या एका खेळाची सीडी माझ्या दप्तरात दोन दिवस पडून होती. जेवण झालं, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि शेवयांची खीर. इतकं जेवल्यावर कुणीही निजेल. बाबा मात्र धुतलेला सदरा घालून आपट्याची पानं खिशात भरून निघाले. रिंग खात्यातल्या जुन्या माणसांकडे सोनं वाटायला ते करी रोडपर्यंत पायी जात. आई शेजारी गेली. कांडप यंत्रं त्या दिवशी बंद होती आणि गल्ली इतकी शांत, की ती शांतताच मला चिथावत होती असं आपलं वाटतं. आता असं वाटून घेणं किती सोयीचं!

ऑक्टोबरचा उकाडा होता. डबा तापायचा आणि तापला की खेळ मध्येच गोठायचा. एका वर्गमित्राने मला मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं होतं की एकशेपंधरावर टाकलं की निम्मी वीज, निम्मी वीज म्हणजे निम्मा ताप. मला ते पटलं. मला! डिप्लोमाच्या विद्यार्थ्याला. खटका नखाने सरकेना. मी पाटावरचा पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर उचलला, खोबणीत टोक घातलं, खटका पलीकडे गेला. घामेजल्या तळहाताला कुंकू लागलं ते हाफपँटला पुसलं. पिन लावली आणि भिंतीवरचं बटण दाबलं.

फटाका म्हणावा तर त्याहून जाडा आवाज होता. डब्याच्या जाळीतून निळसर जाळ दिसला, मग धूर, मग जळक्या माशासारखा एक वास जो आठवडाभर खोलीतून गेला नाही. फ्यूज उडाला. गॅलरीत कुणीतरी ओरडलं, "लाइट गेली काय?" मी पिन ओढली, स्क्रूड्रायव्हर पाटावर होता तसा ठेवला, माळ सारखी केली. खटका परत फिरवायचं सुचलंच नाही. माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर होतं, बाबा आल्यावर काय सांगायचं. आणि ते माळेकडे बघताच सुचलं.

"फक्त चालू होतंय का एवढं बघितलं मी," ते दारात असतानाच मी सुरू केलं. "किती सांगितलं, फुलं नका घालू! पाकळी गेली पंख्यात. पंखा अडकला, जळलं सगळं. आता घाला हार त्याला."

आई मागोमाग आलीच होती. "तरी मी म्हणत होते," ती म्हणाली. खरं तर ती काहीच म्हणाली नव्हती. बाबांनी चपला काढल्या. पाटापाशी उकिडवे बसले, डबा बघितला, वास घेतला. हात पाटावरच्या हत्यारांकडे गेला, पिवळ्या मुठीवर थांबला. बराच वेळ थांबला असं मला आज वाटतं, तेव्हा मी छताकडे बघत होतो. "आज नको," ते म्हणाले. "आज हत्यारा निजली हत. उद्या बघूया." आणि उरलेलं सोनं आईच्या हातात देऊन ते हातपाय धुवायला मोरीत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा उघडून एसएमपीएस बाहेर काढला. आणि माझं नशीब असं, की पंख्याच्या जाळीच्या आत खरंच झेंडूची एक पाकळी होती. सुकी, अख्खी, कडेला सुद्धा करपलेली नाही. "बघा!" मी जवळजवळ आनंदाने ओरडलो. बाबांनी ती चिमटीत धरून उजेडात बघितली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. पंखा बोटाने फिरवला. तो मजेत गरगर फिरला. मी दुसरीकडे बघितलं.

नवीन आणायला आम्ही दोघं ग्रँट रोडच्या बाजूला कॉम्प्युटरच्या दुकानांत गेलो. जुना डबा बाबांनी वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घेतला होता, दवाखान्यात नेल्यासारखा. त्या दिवशी त्यांनी मला जेवढं छळलं तेवढं आयुष्यात कधी नाही. दुकानदार एक डबा काउंटरवर ठेवायचा, बाबा तो उचलून तळहातावर तोलायचे, कानाशी नेऊन हलवायचे, खाली ठेवायचे. "ह्यो हलको. तांबा नाय ह्येच्यात." पुढचा. "ह्येच्यात कायतरी खुळखुळता." पुढचा. मागे रांग लागली. मी शरमेने अर्धा झालो.

"अंकल, वजन पे मत जाओ," दुकानदार म्हणाला. "वॉट देखो, वॉट."

"वॉट तो कागद पे लिखेला है," बाबा म्हणाले. "कागद पे हमारी मिल भी चालू है."

दुकानदार मोठ्याने हसला. मी नाही हसलो. बाबांना एक काळा, बोजड, कसलीच शोभा नसलेला डबा पसंत पडला. मला सोनेरी जाळीचा, चारशेपन्नास वॉटचं झगझगीत लेबल लावलेला हवा होता. तो उचलला की रिकाम्या बिस्किटाच्या डब्यासारखा वाटायचा. "बाबा, यात तांबं किती ते नसतं बघायचं, तुम्हाला यातलं कळत नाही," मी सगळ्यांसमोर म्हणालो. त्यांनी काळा डबा काउंटरवर परत ठेवला. दुकानदाराने तारांची टोकं जुळतात का ते बघायला आमचा जुना डबा वर्तमानपत्रातून काढला, उलटा केला आणि थांबला.

"बॉस, ये एकसौपंद्रह पे किसने डाला? ये तो फटेगाही ना!"

मी काउंटरच्या काचेखालच्या माउसकडे बघत राहिलो.

"मैंने," बाबा म्हणाले. "पूजा का टाइम पोछते पोछते सरक गया होयेंगा."

दुकानदाराने कपाळाला हात लावला. "अंकल, इस को हाथ नहीं लगाने का."

मला काय वाटलं सांगतो, कारण तेवढ्यासाठीच हे लिहायला बसलोय. मला सुटल्यासारखं वाटलं. त्यांना खरंच तसं वाटतंय, त्यांच्याच हातून सरकला असं ते समजतायत, असं मी धरून चाललो आणि त्यावर चढूनच बसलो. बाहेर रस्त्यावर, सोनेरी डब्याची पिशवी हातात घेऊन, मी बापाला झापलं. "आता तरी पटलं ना? उगाच उघडायचं, पुसायचं, पूजा करायची. यापुढे त्याला हात लावू नका. खरंच नका लावू." ते माझ्या अर्धं पाऊल मागून चालत होते. म्हणाले, "बरां."

घरी मी एकट्याने तो बसवला. तारा उलट्यासुलट्या लावून झाल्या, चारपैकी तीन स्क्रू बसले, चौथा डब्याच्या पोटात पडला आणि मी डबा हलवत, शिव्या घालत बसलो. बाबा पलंगाच्या कडेला बसून होते. "बॅटरी धरू काय?" त्यांनी विचारलं. "नको," मी म्हणालो. कॉम्प्युटर चालू झाला. आईने टाळ्या वाजवल्या, साखर वाटली. बाबांनी पेटी पलंगाखाली सरकवली.

त्यांनी शब्द पाळला. पुढच्या दसऱ्याला हत्यारं पाटावर मांडली, प्रत्येकाला कुंकू लावलं, कॉम्प्युटरला नाही. आईने विचारलं तर म्हणाले, "त्याचा तो बघील." रविवारचा ब्रश आणि पंप बंद झाला. मी कशाला उघडतोय? दीड वर्षात सोनेरी डबा मिरचीच्या खकाण्याने गच्च भरून गेला आणि एक दिवस शिंकल्यासारखा आवाज करून बंद पडला. त्या वेळी मी गुपचूप एकटाच गेलो आणि काळा, बोजड डबा घेऊन आलो. बाबांनी तो बघितला असणार. मला नोकरी लागली, याच कामात लागली, लोक मला मशीनमधले जाणकार समजतात, आणि दर दसऱ्याला ऑफिसात कुणी सर्व्हरवर झेंडू ठेवला की मी कारण नसताना त्याच्यावर खेकसतो.

आता आमची चाळ नाही. त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर आम्ही राहतो. मसाल्याचा वास इथवर येत नाही, आई गेली, बाबा ऐंशीच्या पुढे आहेत. गेल्या महिन्यात माझ्या मुलीच्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस गेला. नवीन निवडण्यात मी तीन दिवस घालवले. कुणी म्हणतं हा घ्या, कुणी म्हणतं हाच घेऊ नका, घर जळेल. सोनेरी दर्जा, प्लॅटिनम दर्जा, तारा सुट्या हव्यात की जोडलेल्या. सगळे वॉट कागदावर. शेवटी कंटाळून एक मागवला. मुलगी कॉलेजला गेली होती. मी खोकं उघडलं, डबा हातात घेतला आणि काय करतोय ते कळायच्या आत तळहातावर तोलून बघितला. मग उलटा केला. मग पुन्हा उलटा केला.

"काय शोधतंस?" बाबा खिडकीजवळच्या खुर्चीतून म्हणाले. "तो तांबडो खटको? आता नसता तो. ह्ये डबे आपले आपण समजान घेतत."

मी डबा खाली ठेवला. पंचवीस वर्षं जे वाक्य तोंडात घोळवलं होतं ते अगदीच पोरकट होऊन बाहेर पडलं. "बाबा, तो मी फिरवला होता."

"माका म्हायत आसा."

"कधीपासून?"

"त्याच सांजेक. पेचकसावरचा कुंकू पुसलेला. पूजेच्या हत्याराक त्या दिवशी घरात कोण हात लावतलो? तुझी आवस?"

"मग दुकानात स्वतःवर का घेतलंत?"

"तो परको माणूस. तेच्यासमोर तुका काय बोलू?" त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "घराक येवन सांगशीत, असा वाटला."

मला आणखी एक विचारायचं होतं. खरं तर तेवढंच विचारायचं होतं. "आणि मग परत कधी हात का नाही लावलात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मंद शिकाऊ कामगाराकडे बघावं तसं. "तूच सांगितलंस, लावू नका. नाय लावलंय."

पेटी अजून त्यांच्या पलंगाखालीच असते. मी ती ओढली, पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर काढला आणि मूठ त्यांच्याकडे करून पुढे धरला. त्यांनी तो लगेच घेतला नाही. आधी हात लुंगीला पुसले. मग खुर्ची पुढे ओढायला लावली, मुलीचा कॉम्प्युटर आडवा करायला लावला, स्क्रू वाटीत काढायला लावले, आणि माझ्या प्रत्येक कृतीवर च्यक् करत राहिले. त्यांचा हात आता थरथरतो. पहिला स्क्रू तीनदा सुटला. मी मदतीला बोट पुढे केलं तर त्यांनी ते कोपराने ढकललं. "आधी चारय धरवूचे, मगे आवळूचे," ते पुटपुटले. "तेव्हा तुका ह्यां सांगूचा होता. बॅटरी धर."

मी मोबाइलची बॅटरी लावून धरली. चौथ्यांदा स्क्रूने आटा पकडला. ते हळूहळू फिरवत राहिले, जीभ ओठांच्या कोपऱ्यात, दाढीच्या ब्रशच्या रविवारी असायची तशी.

"अरे, बॅटरी खय धरलंस मेल्या?" ते ओरडले. "माझ्या तोंडार काय मारतंस? स्क्रूवर मार!"